गाणं कोणाचं, बटण कोणाचं?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. म्हणाला, "मामा, माझा अख्खा व्हिडिओ मुका केलाय."

गडी अकरावीत आहे. गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो, खेळताना मागे आपल्या आवडीची गाणी लावतो, आणि ते सगळं रेकॉर्ड करून मित्रांसाठी इंटरनेटवर टाकतो. पाहणारे जेमतेम चाळीस. दोन तासांच्या त्या व्हिडिओचा आवाज कुठल्याशा यंत्राने ओळखून काढला आणि पुसून टाकला. त्याची बडबड गेली, मित्रांचं हसणं गेलं, सगळंच गेलं. पोराचा प्रश्न साधा होता. "गाणी मी चोरलेली नाहीत. दर महिन्याला पैसे भरून ऐकतो. गेमही विकत घेतलाय. मग माझं चुकलं काय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, सांभाळून घ्या.

हातांना तेच ते काम असलं की कानाला गाणं लागतं, ही काही गेम खेळणाऱ्या पोरांची नवी खोड नाही. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. त्यात कोणती ओवी म्हणायची, माहेरची की सासूची की विठ्ठलाची, हे दळणारी बाई ठरवायची. दळण तिचं, गाणंही तिचं.

कारखाना आला आणि हे बदललं. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' नावाचा कार्यक्रम सुरू केला. कारखान्यातल्या भोंग्यांवरून तो कामगारांना ऐकवला जायचा. सूर ठरलेले, लय ठरलेली. फार संथ नको, माणूस पेंगेल. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' या गाण्यात टाळ्या वाजवायच्या जागा होत्या, म्हणून ते या कार्यक्रमातून वगळलं. कामगार टाळ्यांच्या जागी हातातली हत्यारं आपटतील ही भीती. कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला आणि लोकांना आवडायचाही. पण काय ऐकायचं हे यंत्रावर उभा असलेला माणूस ठरवत नव्हता.

व्हिडिओ गेमची सुरुवातही अशीच झाली. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' बनवला. त्यात उतरत्या क्रमाचे चार खर्जातले सूर पुन्हा पुन्हा वाजतात. परग्रहावरचे शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात धावतात आणि सूरही जलद होतात. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढवायची सोय यंत्रातच केलेली. तुम्हाला आवडो न आवडो, तेच ऐकायचं.

मग १९८६ साली एक छोटी पण माझ्या मते फार महत्त्वाची गोष्ट घडली. सेगा कंपनीचा 'आउटरन' आला. यू सुझुकी यांचा खेळ, हिरोशी कावागुची यांचं संगीत. नाणं टाकलं की गाडी लगेच सुटत नाही. आधी पडद्यावर गाडीचा रेडिओ दिसतो, एक हात त्याचं बटण फिरवतो आणि तीन धुनांपैकी एक तुम्ही निवडता. मग शर्यत. निवड तीनातूनच, पण ती खेळणाऱ्याची!

१९८९ चा गेम बॉयवरचा 'टेट्रिस' आठवून बघा. आपल्याकडे त्याच्या नकला 'ब्रिक गेम' म्हणून घरोघरी होत्या. मूळ खेळात सुरुवातीलाच विचारायचे, ए, बी की सी संगीत, की काहीच नको? त्यातली जगभर गाजलेली ए म्हणजे 'कोरोबेनिकी' ही रशियन लोकधून, आणि सी म्हणजे बाखची रचना. दोन्ही इतक्या जुन्या की कुणाची परवानगी काढायला नको. गंमत अशी की खेळ बनवणारे अलेक्सी पाजितनोव यांना स्वतःच्या खेळावरचे हक्क मिळायला १९९६ साल उजाडलं, सुरुवातीला ते सोव्हिएत सरकारी व्यवस्थेच्या हातात होते. धून सगळ्यांची आणि खेळ सरकारचा!

यानंतरची दहा-पंधरा वर्षं म्हणजे खेळणाऱ्याचं खरं स्वराज्य. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर 'रिज रेसर' सुरू झाला की तो पूर्ण यंत्राच्या स्मृतीत जायचा. मग गेमची सीडी काढून आपली गाण्यांची सीडी घातली तरी शर्यत चालूच, फक्त मागे आपली गाणी. १९९९ चा 'विब-रिबन' तर आणखी पुढे गेला. तुम्ही जी सीडी घालाल तिच्या तालावर तो खेळायचा रस्ताच तयार करायचा. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क आली, तिच्यात सीडीवरची गाणी साठवून काही गेममध्ये ती वाजवता यायची.

आणि मग 'जीटीए व्हाइस सिटी'. २००३ मध्ये तो संगणकावर आला आणि आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये त्याने धुमाकूळ घातला. गाडीत बसलं की रेडिओ. स्टेशनं ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी गाण्यांची. पण गेमच्या फोल्डरमध्ये एमपीथ्रीची वेगळी जागा होती. तिथे आपली गाणी टाकली की ती गाडीच्या रेडिओवर आपलं स्टेशन म्हणून लागायची. आमच्या कॅफेवाल्याने तिथे किशोरकुमार भरून ठेवला होता. मायामीसारख्या शहरात, समुद्राकाठी, चोरलेल्या गाडीत किशोरकुमार! आम्ही पोरं तासाचे पैसे संपेपर्यंत नुसती गाडी फिरवायचो.

इथे एक कबुली द्यायला हवी. ती गाणी रस्त्यावर मिळणाऱ्या एमपीथ्री सीडीवरची होती. शंभर-दीडशे गाणी, पन्नासएक रुपयांत. त्यातला एक रुपयाही गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला गेला नाही. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला त्यांचा वाटा कायद्याने पक्का मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले ते उगाच नाही. तेव्हा "सगळं फुकट असावं" असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण पुढे जे झालं त्यात कलावंत बाजूला राहिला आणि करारनामा पुढे आला. गेममध्ये गाणी मुदतीच्या परवान्यावर घेतली जातात. मुदत संपली की गाणं जातं. 'जीटीए ४' आला २००८ मध्ये. दहा वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, त्यातली बरीच गाणी काढून टाकली गेली. 'व्लादिवोस्तोक एफएम' हे रशियन गाण्यांचं स्टेशन तर ओळखू येईना. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी पूर्ण पैसे मोजून गेम घेतला होता, त्यांच्या संगणकावरच्या प्रतीतूनही नव्या अपडेटबरोबर गाणी गेली. म्हणजे दुकानदाराने दहा वर्षांनी तुमच्या घरी येऊन कपाटातली कॅसेट उचलून न्यावी, तसं. 'अ‍ॅलन वेक' हा गेम मे २०१७ मध्ये गाण्यांच्या परवान्यापायीच विक्रीतून गेला, तो परत यायला ऑक्टोबर २०१८ उजाडला.

दुसऱ्या बाजूने खेळ इतरांना दाखवण्याचा जमाना आला. ट्विचने २०१४ मध्ये साठवलेल्या व्हिडिओंतली मालकीची गाणी यंत्राने ओळखून आवाज बंद करायला सुरुवात केली. २०२० मध्ये संगीत कंपन्यांच्या तक्रारींचा पूर आला आणि लोकांचे कित्येक वर्षांचे व्हिडिओ पुसले गेले. त्याच वर्षीच्या 'सायबरपंक २०७७' मध्ये मालकीची गाणी बंद करायचं बटण दिलं, म्हणजे व्हिडिओ टाकणाऱ्याला त्रास नको. १९८६ मध्ये गेमने विचारलं होतं, कोणतं गाणं लावू? २०२० मध्ये विचारलं, गाणं बंद करू का? चौतीस वर्षांत आपण इथवर आलो.

आणि यंत्र चुकतं, माणूसही चुकतो. अभ्यास करताना, गेम खेळताना लाखो लोक लावून ठेवतात ती 'लोफाय गर्ल' ही वाहिनी घ्या. तिचं दोन वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेलं प्रक्षेपण जुलै २०२२ मध्ये एका खोट्या मालकीहक्काच्या तक्रारीवर बंद पडलं. वाहिनी मोठी, म्हणून बोभाटा झाला आणि दाद मिळाली. चाळीस प्रेक्षकांच्या अकरावीतल्या पोराला कोण दाद देणार?

आपल्या कायद्याला ही अडचण कळत नाही असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजवायला स्पष्ट सूट आहे. कारण कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की माणसं एकत्र आली की गाणं लागणार, आणि प्रत्येक बँडवाल्याच्या मागे पावती घेऊन धावणं बरं नाही. आजची पोरं एकत्र येतात ती गेमच्या पडद्यावर. त्यांच्या वरातीचा विचार अजून कुणी केलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कलावंताचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. पण विकलेल्या वस्तूतून गाणं काढून घेणार असाल, तर मुदत विकतानाच खोक्यावर ठळक छापा. यंत्राने आवाज पुसला, तर कोणत्या गाण्यासाठी, कोणाच्या तक्रारीवर हे सांगा, आणि दाद मागायला समोर माणूस ठेवा. गाणं पुसायचं तर गाणं पुसा, पोराचं बोलणं कशाला पुसता? आणि ज्यात कमाई नाही अशा घरगुती व्हिडिओंना वरातीसारखी सूट द्यायला काय हरकत आहे?

भाच्याला तूर्तास सांगितलं, "खेळताना हवं ते ऐक, पण रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नकोस." तो म्हणाला, "मग मित्रांना कसं कळणार मी काय ऐकत होतो?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. आणि सायबर कॅफेत तुमच्या गाडीच्या रेडिओवर कोणती गाणी होती, तेही लिहा.