टाकीतला उजेड

दोन फुटी काचेच्या टाकीत वनस्पती लावायच्या ठरवल्या, की माती आणि मासे राहतात बाजूला, आधी घासाघीस होते ती दिव्यावरून. या दिव्याचे मूळ शोधायला आपल्याला 1779 सालात जावे लागते. त्या वर्षी डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी पाण्यात बुडवलेली पाने न्याहाळली. उन्हात पानांवर बुडबुडे धरत, अंधारात थांबत. पुढे 1849 मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी आत गोगलगायी सोडल्या आणि भांड्याची घडी बसली. ब्रिटनमधला काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, त्यामुळे हे वेड दिवाणखान्यांत पसरायला वेळ लागला नाही. उजेड तेव्हा फुकट होता. टाकी खिडकीशी ठेवायची, इतकेच. पण ऊन काही मापून येत नाही, आणि खिडकीतली टाकी बघता बघता हिरवीगार होई.

विजेचा दिवा आला तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देणारा. 1938 मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली आणि कमी विजेत, पाणी न तापवता, टाकीच्या लांबीभर उजेड पडू लागला. गॅलनमागे इतके वॉट हा ठोकताळा याच ट्यूबच्या काळातला. एलईडीला तो लावणे म्हणजे जुन्या शेराने नवे दूध मोजणे. मग जपानमधल्या निइगाताचे, एके काळी व्यावसायिक सायकलशर्यती धावलेले ताकाशी अमानो यांनी टाकीत पाण्याखालची निसर्गचित्रे उभी केली. त्यावर टांगलेले मेटल हॅलाइड दिवे प्रखर, देखणे आणि सामान्य खिशाला न परवडणारे होते.

कोंडी फोडणाऱ्यांत दुसरे अमानो होते. निळ्या एलईडीसाठी 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हे हिरोशी. ताकाशींचे नुसते आडनावबंधू. निळ्या एलईडीवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. आपल्याकडे सरकारी घाऊक खरेदीत 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला, आणि टाकीवाल्यांचेही आपसूक फावले.

आता दोन फुटी टाकीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. जावा मॉस, क्रिप्टोकोरीन अशा सोशिक वनस्पतींना लिटरमागे 20 ते 30 ल्युमेन पुरतात. 6500 केल्विनचे, 9 वॉटचे दोन घरगुती बल्ब पत्र्याच्या छपराखाली लावले तरी भागते. ‘खास वनस्पतींसाठी’ अशी चिठ्ठी डकवलेल्या जांभळ्या दिव्यासाठी तिप्पट पैसे मोजायची गरज मला कधी पटलेली नाही. मात्र सहा-सात तासांनी दिवा बंद करणारा टायमर हवाच. तो विसरला, तर काचेवर वॉरिंग्टन यांच्या भांड्यातला तोच हिरवा थर चढतो, आणि मग आपणही दुकानदाराकडे गोगलगायी मागायला जातो.