कळंबा ते मेघोली : लहान धरणांच्या देखभालीचा इतिहास

१/ १ सप्टेंबर २०२१ ची रात्र. कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील मेघोली येथे लघुपाटबंधारे तलावाचा मातीचा बांध फुटला. ओढ्याकाठची शेती खरवडून निघाली, जनावरे वाहून गेली आणि एका महिलेला प्राण गमवावे लागले. बांधातून गळती होत असल्याच्या तक्रारी त्याआधीच झालेल्या होत्या. आजचा धागा अशाच लहान धरणांविषयी आहे.

२/ धरणाचा इतिहास आपण बहुधा पायाभरणीपासून सुरू करतो आणि उद्घाटनापाशी थांबवतो. कोणी बांधले, किती खर्च आला, कोणाचे नाव दिले, एवढे आपल्याला ठाऊक असते. धरणाचे खरे आयुष्य मात्र उद्घाटनानंतर सुरू होते. ते आयुष्य कोणी राखले, याची नोंद क्वचितच सापडते.

३/ कोल्हापूरला तळ्यांचे शहर म्हणत. त्यातली कित्येक तळी बुजली आणि त्यांच्यावर पेठा, मैदाने व इमारती उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेस, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे ओढे अडवून कळंब्याचा तलाव बांधण्यात आला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी नळातून उताराने खाली येई. पंपाची गरजच नव्हती.

४/ अशा तलावाची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. तिचे मुख्य भाग तीन. एक, पाणी अडवणारा मातीचा भराव. दोन, जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणारा सांडवा. तीन, हवे तेवढे पाणी सोडण्याची सोय, म्हणजे विमोचक आणि भरावाच्या पोटातून जाणारा त्याचा नळ.

५/ मातीचे धरण मुख्यतः दोन प्रकारे फुटते. सांडवा अपुरा पडला किंवा तुंबला की पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहू लागते आणि माती कापत नेते. दुसरा प्रकार अधिक फसवा. पाणी भरावातून, विशेषतः नळाच्या कडेने, वाट शोधते. पाझराबरोबर मातीचे कण निघून जातात, आत पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी बांध खचतो.

६/ पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो. तो दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे असते ते एवढेच की पाणी नितळ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढतो आहे का. गढूळ पाणी म्हणजे धरण आतून माती गमावत आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही. रोज तिथे जाणारा, पाहणारा आणि लिहून ठेवणारा माणूस लागतो.

७/ कोल्हापूर संस्थानात पाण्याचा विचार धोरण म्हणून मांडला तो राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ मध्ये त्यांनी पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि संस्थानातील तळी-विहिरींची पाहणी करवली. राधानगरीच्या भव्य प्रकल्पाचा उल्लेख सर्वत्र होतो. आधी आहे ते मोजावे, मग नवे उभारावे, हा त्यामागचा क्रम मात्र आपण विसरतो.

८/ भोगावती नदीवरील राधानगरी धरण महाराजांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. ६ मे १९२२ रोजी ते निवर्तले आणि धरण पूर्ण व्हायला विसाव्या शतकाचे सहावे दशक उजाडले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात एकेक करून उघडू लागले की आजही सारा जिल्हा ती बातमी कान देऊन ऐकतो. मोठ्या धरणावर हजारो डोळे असतात. लहान तलावावर किती असतात?

९/ दुर्लक्षाचा धडा जगाने अनेकदा घेतला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८५० च्या दशकात पूर्ण झाले. पुढे कालवा निरुपयोगी ठरला आणि धरण खाजगी हातांत गेले. एका मालकाने पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून विकले. नंतरच्या मालकांनी, धनिकांच्या एका क्लबने, गाडीरस्त्यासाठी माथा खाली उतरवला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या.

१०/ ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. जाळ्यांत कचरा अडकला, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. खालच्या जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसे मेली. मूळ रचना इतकी वाईट नव्हती. एकेक क्षुल्लक वाटणारा बदल होत गेला आणि त्या साऱ्यांची गोळाबेरीज कोणी केली नाही.

११/ ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९२५ रोजी वेल्समधील डोल्गारॉग येथे धरणफुटीत १६ जण दगावले. त्यानंतर १९३० मध्ये तेथे जलाशय सुरक्षेचा कायदा झाला. मोठ्या जलाशयांची पाहणी ठरावीक मुदतीने, तीही पात्र आणि स्वतंत्र अभियंत्याकडून, बंधनकारक झाली. स्वतःच्या धरणाला स्वतःच ‘ठीक आहे’ असे प्रमाणपत्र देण्याची सोय उरली नाही.

१२/ महाराष्ट्राचा धडा १२ जुलै १९६१ चा. पानशेतचे मातीचे धरण अपूर्ण अवस्थेतच भरले आणि फुटले. त्याच दिवशी खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुणे शहर पुराखाली आले. पानशेतचे दुखणेही भरावाच्या पोटातून जाणाऱ्या नळाशी निगडित होते. पुढे राज्याने नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन केली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची शिस्त रूढ झाली.

१३/ तरीही २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. येथेही गळतीच्या तक्रारी आधी झाल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरले, हे तेव्हाचे विधान खूप गाजले. प्राण्यांची बिळे मातीच्या बांधाला घातक असतात, हे खरेच आहे. पण बिळे शोधून बुजवणे हाही देखभालीचाच भाग असतो.

१४/ आता तारखांचा क्रम पाहा. तिवरेनंतर बरोबर एका महिन्याने, २ ऑगस्ट २०१९ रोजी लोकसभेने धरण सुरक्षा विधेयक मंजूर केले. राज्यसभेची मंजुरी मिळाली २ डिसेंबर २०२१ रोजी. या दोन तारखांच्या मधे मेघोली फुटले. वर्षअखेरीस कायदा लागू झाला.

१५/ हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा इत्यादी अटी पूर्ण झाल्या तरच. म्हणजे १० मीटरपेक्षा कमी उंचीचे गावतलाव व पाझर तलाव त्याच्या व्याख्येबाहेर राहतात. त्यात लहान तलावांची मालकीही विखुरलेली. काही पाटबंधारे खात्याकडे, काही जलसंधारण खात्याकडे, १०० हेक्टरांपर्यंतची कामे जिल्हा परिषदेकडे. ओढ्याकाठच्या कुटुंबाला मात्र तलाव कोणाच्या कागदावर आहे, याने काही फरक पडत नाही.

१६/ देखभालीची यादी मोठी नाही. भरावावरची झाडेझुडपे वेळीच काढणे, कारण मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. बिळे बुजवणे. उताराचे निखळलेले दगड पुन्हा बसवणे. सांडवा मोकळा ठेवणे. विमोचकाचा दरवाजा वर्षातून काही वेळा उघडून पाहणे. पाझर मोजून वहीत लिहिणे. यांतल्या कशाचेही उद्घाटन होत नाही, म्हणून निधीच्या रांगेत ही कामे शेवटी उभी असतात.

१७/ २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापुरात पोहोचले. शहराची तहान आता दूरच्या मोठ्या धरणाकडे वळली आहे. साउथ फोर्कच्या कथेतला धोक्याचा क्षण नेमका हाच होता : जुन्या तलावाची गरज कमी झाली आणि त्याच्यावरची नजर हटली. गरज सरली तरी अडवलेल्या पाण्याचा दाब सरत नाही.

१८/ पावसाळ्यात कळंबा भरून सांडव्यावरून वाहू लागला की कोल्हापूरकर तो पाहायला जातात. यंदा आपणही जा. पाण्याचे छायाचित्र काढून झाले की मागे वळून भरावही पाहा : झुडपे किती वाढली आहेत, पायथ्याशी पाणी कुठे झिरपते आहे, ते नितळ आहे की गढूळ. सुरक्षित अंतरावरूनच पाहा. शंका आली तर तारीख टाकून लेखी कळवा आणि प्रत जपून ठेवा. लहान धरणांच्या इतिहासाची साधने अशीच तयार होतील.

(धागा समाप्त. आपल्या गावच्या तलावाची हकिकत खाली जरूर लिहा.)