दाब कुठे हरवतो?

गणपतीच्या आगमनाला परळच्या कार्यशाळेतून मोठी मूर्ती बाहेर निघते, तेव्हा खरी परीक्षा वळणावर होते. ट्रॉली जागेवर उभी असेल तर पुढची चाकं वळवताना दांड्याला धरलेल्या पोरांचे खांदे भरून येतात. तीच ट्रॉली चार पावलं पुढे सरकली की चाकं बऱ्याच कमी जोरात वळतात. कारण साधं आहे. उभं चाक वळवलं की टायर ओझ्याखाली रस्त्यावर घासतो. चाक फिरत असेल तर ते घासणं फिरण्यात वाटलं जातं.

जुन्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची लढाई याच घर्षणाशी आहे, फक्त तो दांड्याऐवजी स्टीअरिंग धरून एकटाच लढतो. आणि ट्रॅक्टरचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांच्या जीप माझगावात जोडल्या जात होत्या. पुढे 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि कांदिवलीत बी-275 ट्रॅक्टर बनू लागला. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांवर साधं यांत्रिक स्टीअरिंग असायचं. मोठं चाक, गिअरबॉक्स, दांडे आणि बाकीचा जोर दंडातला. पॉवर स्टीअरिंग सर्रास मिळायला लागलं ते बऱ्याच नंतर. आज ‘जुना’ म्हणून विकला जाणारा पॉवर स्टीअरिंगवाला ट्रॅक्टर त्या नंतरच्या पिढीतला असतो, आणि त्याची नेहमीची तक्रार एकच: ‘स्टीअरिंग जड झालंय.’

ही तक्रार नीट वाचायची तर थोडं मागे जावं लागतं, गोदीपर्यंत.

बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. लहान दट्ट्यावर थोडा जोर द्या, मोठ्या दट्ट्याकडून प्रचंड जोर घ्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कापूस जहाजावर चढण्याआधी असल्याच प्रेसखाली दाबून गाठींत बांधला जाई. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, तिथल्या क्रेनही हायड्रॉलिक होत्या. गोद्यांमधल्या अशा यंत्रणांत विल्यम आर्मस्ट्राँगची एक युक्ती वापरली जायची. पाण्याच्या दट्ट्यावर टनावारी वजन ठेवायचं, म्हणजे नळांत दाब चोवीस तास तयार. क्रेनवाल्याने झडप उघडली की काम सुरू.

गाडीत ही कल्पना चालत नाही. कायम दाबाखाली असलेलं तेल प्रत्येक फटीतून बाहेर यायला बघतं आणि इंजिनाची ताकद फुकट जाते. पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकांवर काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिसने ही अडचण उलटी करून सोडवली. 1926 च्या सुमारास त्याने दाखवलेल्या स्टीअरिंगमध्ये पंपातलं तेल सतत वाहत राहायचं, पण जवळपास दाबाशिवाय, उघड्या झडपेतून परत टाकीत. ड्रायव्हरने चाक फिरवलं की झडप वाट अडवायची, आणि तेव्हाच दाब चढायचा. कार कंपन्यांना हे महाग वाटलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांवर ते आलं, आणि विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा दिसलं 1951 च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये. पुढे अमेरिकेतल्या लिन चार्लसनच्या रचनेवरून ‘ऑर्बिट्रोल’ आलं. त्यात स्टीअरिंग आणि चाकांमध्ये लोखंडी दांडाच नसतो, मोजून पाठवलेलं तेल असतं. बहुतेक ट्रॅक्टरांवर आज याच जातीचं स्टीअरिंग आहे.

डेव्हिसची कल्पना एका वाक्यात सांगायची तर: पंप प्रवाह देतो, दाब अडथळ्यामुळे तयार होतो. जुना ट्रॅक्टर तपासताना हेच वाक्य कामाला येतं. सरळ रस्त्यावर ट्रॅक्टर निर्धास्त चालतो, कारण तिथे दाब लागतच नाही. दोष लपून राहतो आणि ऐन बांधावर, ट्रॉली मागे असताना उघडा पडतो. म्हणून ‘जड’ म्हणजे कधी जड, हे आधी विचारायचं. प्रोग्राममधला बग शोधतानाही पहिला प्रश्न हाच असतो: नेमकं काय केलं की येतो?

सुरुवात तेलापासून नाही, चाकापासून. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल किंवा किंगपिनला ग्रीस नसेल तर पंप बिचारा निर्दोष असतो. पुढचा आस जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू द्यायचा. सांधे अडकतात का, हे आता कळतं.

मग टाकी. तेलाची पातळी, तेलाची जात, तुंबलेला फिल्टर. तेलात फेस आणि पंपाचा किंचाळल्यासारखा आवाज असेल, तर पंपाकडे येणाऱ्या पाइपातून हवा ओढली जातेय.

त्यानंतर लक्षणं. रेस वाढवली की स्टीअरिंग हलकं होत असेल, तर पंप झिजलाय किंवा, पंप बेल्टवर असेल तर, बेल्ट घसरतोय. सकाळी ठीक आणि दुपारी जड असेल, तर तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या भागांतून आतल्या आत निसटतंय. एकाच बाजूला जड असेल तर पंपावरचा संशय कमी होतो. तेव्हा स्टीअरिंग युनिट, सिलिंडर आणि सांधे बघायचे.

चाकं टोकाला टेकल्यावरही स्टीअरिंग सहज गोल फिरत राहत असेल, तर तेल आतून गळतंय. सिलिंडरचे पाइप काढून युनिटची तोंडं घट्ट बंद करून पाहिलं, तर उत्तर मिळतं. तरीही सहज फिरलं तर युनिट, अडलं तर सिलिंडरचं सील. हे काम दाब उतरवून, जाणत्या मेकॅनिककडूनच करावं.

शेवटी प्रेशर गेज. तेल गरम करून, मॅन्युअलमधल्या वेगावर इंजिन ठेवून, स्टीअरिंग टोकाला फक्त काही सेकंद धरायचं आणि आकडा बघायचा. जास्त धरलं तर पंप तापतो. दाब कमी आला तरी लगेच पंप बदलायचा नाही. रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल तरी आकडा तसाच येतो. आणि गळती शोधायला बोट कधीच फिरवायचं नाही. बारीक फवाऱ्यातलं तेल कातडीत घुसतं, आणि मग धावत डॉक्टर गाठावा लागतो. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

हे सगळं एवढ्या क्रमाने का? कारण उलट्या क्रमाचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. आधी पंप, मग युनिट, मग सिलिंडर असं बदलत गेलं तर हंगामाचे पैसे संपतात आणि किंगपिन कोरडीच राहते. तोवर पंपाने द्यायचा जोर ड्रायव्हरचे खांदे देत राहतात. वळण ऐनवेळी पूर्ण झालं नाही, तर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही त्याची किंमत मोजावी लागते.

दक्षिण मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ऑइल सील, ओ-रिंग, बेल्ट, बेअरिंग विकणारी दुकानं ओळीने आहेत. अशा काउंटरवर ‘स्टीअरिंग जड आहे’ एवढंच सांगितलं तर मिळेल तो पार्ट एक अंदाज असतो. ‘तेल तापल्यावर जड, दोन्ही बाजूंना, रेस दिली की हलकं, गेजवर दाब कमी, रिलीफ व्हॉल्व्ह साफ करून झाला’ एवढं सांगता आलं, तर समोरचा माणूस थेट पंपाबद्दल बोलू लागतो.