भेंडवळची घागर आणि चंद्रकोरीचे ठोकळे

हेडफोन नीट लावा, आज आपण थेट वावरात जातोय. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. आजही मांडणी त्यांचे वंशजच करतात.

गोलाकार घटात गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, पान म्हणजे गादी, सुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणते दाणे हलले, हे बघून वर्षाचं भाकीत सांगतात.

आता जरा लांब जाऊ. टी-शर्टवरचा तो काळा-पांढरा गोल आठवतो? यिन आणि यांग. मूळ अर्थ अगदी साधा : डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. तैवानच्या ताओ मंदिरांत भाविक चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ठोकळे जमिनीवर टाकतात. फुगीर बाजू यिन, सपाट बाजू यांग. एक फुगीर आणि एक सपाट बाजू वर आली, तर देवाचा होकार!

भेंडवळला यिन-यांग कुणी म्हणत नाही. पण कोरडं ढेकूळ आणि भरलेली घागर यांची जोडी मला तशीच वाटते. दोन्हीकडं माणूस हातातल्या वस्तूंना विचारतोय, पुढं काय?

मला विचाराल तर एका रात्रीच्या ओलीवरून चार महिन्यांचा पाऊस कळत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हेच सांगत आलेत. पण त्या पहाटे जमलेल्या शेतकऱ्यांना मी हसणार नाही.

एका वर्षी पहिल्याच सरीला आमच्या बाबांनी घाईनं पेरलं. पुढं पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणीसाठी आईची पोत गहाण पडली. आता बाबा घटमांडणीचं भाकीत ऐकतात, मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाजही बघतात. पण तिफण काढतात ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावरच.

ढेकूळ भिजलं का, हे ते आपल्याच वावरात बघतात.