दक्षिणा, नादारी, शिष्यवृत्ती : साहाय्याच्या अर्जाचा इतिहास

१

निर्धन विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी द्रव्यसाहाय्य मिळावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. परंतु ते साहाय्य कोणी, कोणाकडे व कोणत्या शब्दांत मागावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासांत संस्थांची स्थापना, देणगीदारांची नावे आणि योजनांची वर्षे यांची नोंद सापडते. अर्जदाराची बाजू सहसा सापडत नाही. प्रस्तुत लेखात ती बाजू, मुख्यतः साहाय्यवाचक शब्दांच्या आधारे, मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हे शब्द पाहिले की त्यांत दोन कुळे स्पष्ट दिसतात. दक्षिणा, माधुकरी, पात्रता हे शब्द दानधर्माच्या परंपरेतले; अर्ज, दाखला, माफी, नादारी, सवलत हे फारसी-अरबीच्या द्वारे दरबारी कारभारातून आलेले. पहिल्या कुळात देणाऱ्यास पुण्य लाभते, दुसऱ्यात देणाऱ्याची मर्जी राखावी लागते. घेणाऱ्याचा हक्क असा दोहोंतही ठळक नाही. तो हक्क पुढे कसा निर्माण झाला आणि निर्माण होऊनही अर्जाच्या कागदावर पुरता का उमटला नाही, हा या लेखाचा विषय होय.

२

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे, हे सर्वविदित आहे. या प्रथेचा आरंभ तळेगावच्या दाभाड्यांकडे जातो. पुढे पेशव्यांनी ती आपल्याकडे घेतली. १८१८ साली राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकाएकी मोडली नाही. वर्षाला सुमारे पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेत ती चालू ठेवून तिचा काही भाग विद्येच्या नव्या व्यवस्थेकडे वळविला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात स्थापन झालेली पुण्याची संस्कृत पाठशाळा या द्रव्यावर उभी राहिली.

१८४९ साली पुण्यातील सुधारणावाद्यांनी सरकारला अर्ज केला की, दक्षिणेतील शिल्लक रकमेतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिके द्यावीत. या चळवळीत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख अग्रभागी होते आणि जोतीराव फुल्यांनी तिला साहाय्य केले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पुढे याच निधीतून महाविद्यालयीन 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही या वृत्तीचे मानकरी होते. म्हणजे ज्याला आपण आज उच्च शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य म्हणतो, त्याची महाराष्ट्रातील एक आरंभीची संस्था धार्मिक दानाच्या पोटातून जन्मली.

या स्थित्यंतरात एक गोष्ट बदलली व एक बदलली नाही. जातीने मिळणारे दान परीक्षेने मिळणारे पारितोषिक झाले, हा बदल मोठा होता. परंतु त्या परीक्षेपर्यंत पोहोचणारा वर्ग बहुतांशी पूर्वीचाच राहिला. 'पात्र' या शब्दाचा प्रवास येथे उद्बोधक आहे. पात्र म्हणजे भांडे; त्यावरून दान ज्यात ठेवावे असा योग्य पुरुष; आणि आज नियमांत बसणारा अर्जदार. अर्थ बदलला, पण 'पात्र कोण' हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याच्या हातून हलला नाही.

३

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज आला. सरकारने तो नाकारला. एका विद्यार्थ्याला घेतल्यास इतर सर्व शाळा सोडतील, ही त्यामागील भीती होती. तथापि निर्णयात सरकारने असेही मान्य केले की, तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे. हा अर्ज द्रव्यासाठी नव्हता, शाळेच्या दारासाठी होता. तरीही साहाय्याच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे, कारण अर्जदाराचा हक्क मान्य करूनच त्याचा अर्ज फेटाळता येतो, हे त्याने लेखी स्वरूपात दाखवून दिले.

सव्वीस वर्षांनंतर, १८८२ साली, हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शिष्यवृत्त्यांविषयी एक सूचना आहे. ज्या वर्गांत शिक्षणाची काहीच प्रगती झालेली नाही अशांसाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, अशी त्यांची मागणी होती. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य असली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. धारवाडचा निर्णय आणि फुल्यांचे निवेदन, दोहोंत 'तत्त्वतः' या अर्थाचा शब्द येतो. परंतु त्याचे कार्य दोन्ही ठिकाणी उलट आहे. सरकारने तत्त्व मान्य केले व व्यवहार जसाच्या तसा ठेवला. फुल्यांनी तत्त्व मान्य करून व्यवहाराची तपासणी मागितली. माझ्या मते आपल्याकडील शैक्षणिक साहाय्याचा आधुनिक विचार येथे सुरू होतो.

४

प्रवेश मिळणे निराळे आणि शिक्षण पुरे होणे निराळे, हा भेद विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी ओळखला, त्यांत शाहू छत्रपतींचे नाव प्रथम घेतले पाहिजे. फी माफ झाली तरी खेड्यातून आलेल्या मुलाने राहावयाचे कोठे व जेवावयाचे काय? ब्राह्मण विद्यार्थ्यास वार लावून जेवण्याची, माधुकरी मागण्याची सोय समाजाने करून ठेवलेली होती. इतरांस ती नव्हती. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचे. भाऊराव पाटलांनी हेच सूत्र पुढे नेले. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले, आणि १९४७ मध्ये तेथेच निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात श्रम करून शिकण्याची व्यवस्था महाविद्यालयापर्यंत पोहोचली. 'कमवा आणि शिका' या योजनेत विद्यार्थ्यास याचना करावी लागत नाही, हे तिचे भाषिक दृष्ट्याही वैशिष्ट्य आहे. तिच्या नावातील दोन्ही क्रियापदांचा कर्ता विद्यार्थी आहे.

हाच भेद एका व्यक्तीच्या चरित्रात पाहावयाचा तर डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाइतके बोलके उदाहरण नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणासाठी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले, ते कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांची महाराजांशी गाठ घालून दिल्यावर. ही मागणी तोंडी होती. ओळख हाच दाखला. जून १९१३ मध्ये अमेरिकेतील शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मात्र करारनामा झाला : ठराविक मुदतीत शिक्षण पुरे करावे आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी.

कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनानंतर १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि प्रबंध अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. ती नसती तर पुढील पदव्यांचा मार्ग तेथेच खुंटला असता. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले व १९२३ साली डी. एस्सी. झाले.

या घटनाक्रमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. संस्थानाने उदारपणे दिले होते. विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी व उद्योगाविषयी शंकेस जागा नव्हती. तरीही शिक्षण खंडित झाले, कारण अर्जाची मुदत आणि विद्येची मुदत एक नव्हती. ते पुरे झाले ते विद्यापीठाने खुल्या ठेवलेल्या दारामुळे आणि मित्राच्या कर्जामुळे. जिथे असे दार आणि असा मित्र नव्हता, तिथे काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही चरित्रात मिळणार नाही.

५

ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात आंबेडकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ साली हिंदुस्थान सरकारची अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली व १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना लागू झाली. राजाच्या मर्जीतून मिळणारी गोष्ट आता अंदाजपत्रकाची बाब झाली. संविधानाच्या ४६व्या अनुच्छेदाने दुर्बल वर्गांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाचे दायित्व राज्यावर टाकले. १९५० साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि महाविद्यालय यांची जोडी जमली. १९५९ साली तत्कालीन मुंबई राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना जातिनिरपेक्ष फी-सवलत दिली.

या साऱ्या काळात शब्द कसे वागले? शाळा-कॉलेजांत रूढ असलेला 'नादारी' हा शब्द पाहावा. नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. न्यायालयाच्या भाषेत दिवाळे निघालेला. फी न देता शिकणाऱ्या मुलाच्या नावापुढे हा शब्द हजेरीपटात लागत असे. 'माफी' कराची असते तशी अपराधाचीही असते. 'सवलत' मुळात सुलभता. परंतु रूढ अर्थाने नियमाला केलेला अपवाद. १९५९ च्या सवलतीच्या हेतूचीच योजना पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावे 'शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती' म्हणून ओळखली जाऊ लागली, हा बदल स्वागतार्ह आहे. कारण 'वृत्ती' या शब्दाला मराठीत वेगळा इतिहास आहे. गावगाड्यात जोशाची किंवा कुलकर्ण्याची वृत्ती ही भीक नव्हे. ती त्याची वंशपरंपरा हक्काची उपजीविका होती, आणि ती बुडाली तर तो दाद मागू शकत असे. शिष्यवृत्ती या शब्दात तो हक्क सुप्त आहे, फक्त वंशाच्या जागी शिष्यत्व आले आहे.

परंतु शीर्षक बदलले तरी खालचा मजकूर जुन्याच वळणाने जातो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, आणि पुढल्या वर्षी पुन्हा नूतनीकरण. जात-प्रमाणपत्र पडताळणीच्या महाराष्ट्रातील कायद्यात (२००१ चा अधिनियम क्रमांक २३) सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर आहे. खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी पडताळणी आवश्यक आहे, हे अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या घरात कागद जपण्याची पेटीच नव्हती, त्याच्याकडेच सर्वांत जास्त कागद मागितले जातात, ही विसंगती दृष्टिआड करता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेत भरणारी एक अडचण येथे नमूद करतो. रोमन लिपीत 'ळ'ला स्वतंत्र अक्षर नाही व अनुस्वाराला निश्चित प्रतिनिधी नाही. 'कांबळे' हे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका रोमन वर्णनाने, बँकेच्या खात्यावर दुसऱ्याने व गुणपत्रिकेवर तिसऱ्याने लिहिलेले असू शकते. मराठीत ते एकच नाव आहे. संगणकाच्या दृष्टीने ती तीन माणसे होतात. अर्ज आता घरबसल्या करता येतो आणि रक्कम थेट खात्यात जमा होते, ही सुधारणा खरीच. परंतु पूर्वी कारकून ज्या भेदाकडे दुर्लक्ष करी, तो भेद यंत्र सोडत नाही. प्रस्तुत लेखकाने असे अर्ज अडलेले पाहिले आहेत. रक्कम येईतो सत्र संपते आणि काही वेळा विद्यार्थीही महाविद्यालयातून गेलेला असतो.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पुनर्रचना करून केंद्र व राज्य यांचा वाटा ६० : ४० ठरविला आणि पाच वर्षांसाठी सुमारे ५९,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. द्रव्याचा प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला. वेळेचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागेल.

६

वरील विवेचनातून निष्कर्ष एवढाच निघतो की, साहाय्याच्या इतिहासात हक्काची घोषणा आणि हक्काचा व्यवहार यांच्यामध्ये नेहमी एक अर्ज उभा असतो. १८५६ साली तो अर्ज उघडपणे फेटाळला गेला. आज तो सहसा फेटाळला जात नाही. तो 'प्रलंबित' राहतो. परिणामाच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर किती, हे अर्जदारासच विचारावे लागेल.

शाहू छत्रपतींनी आणि भाऊरावांनी प्रवेशाइतकीच पूर्णतेची काळजी वाहिली. लंडन विद्यापीठाने चार वर्षे दार उघडे ठेवले. आपल्या विभागांना धोरणे ठरविता येत नाहीत, पण या दोन गोष्टी करता येतात. नावातील एका अक्षरामुळे अडलेला कागद वाचून त्यावर वेळेवर सही करणे, आणि रक्कम आली नाही म्हणून गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून काढण्यापूर्वी त्याची चौकशी करणे, ही कामे आपल्या हातातली आहेत. दक्षिणा देणारा पुण्याचा धनी होत असे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करणाऱ्या अध्यापकास पुण्य लाभण्याचे कारण नाही; दुसऱ्याचे देणे त्याच्या हाती आलेले आहे आणि ते मुदतीत पोहोचविणे एवढेच त्याचे काम आहे.