कुलूपबंद कपाट आणि बाभळीचा काटा

आमच्या खानदेशातल्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. काचेतून आतली चंचुपात्रं, परीक्षानळ्या आणि स्पिरिटचा दिवा दिसायचा. पण "फुटलं तर भरून कोण देणार?" या भीतीने कपाटाला कायम कुलूप. प्रयोग आम्ही पाठ केले: साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. काहीही न पाहता 'निरीक्षण' लिहायला मी तिथेच शिकले. दहावीला विज्ञानात गुण मात्र भरपूर मिळाले!

हे सगळं आठवायचं कारण माझा मुलगा. इथे मरीन परेडला तो पी.एस.एल.ई.ची तयारी करत होता. शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा, कपाटं उघडी. तरीही एका संध्याकाळी तो सरावपुस्तकातलं उत्तर डोळे मिटून घोकत होता, आणि ते पुस्तक मीच आणून दिलं होतं. मनात आलं, म्हणजे कुलूप कपाटाला नव्हतंच की काय? मग आपल्याकडे हे कुलूप उघडायचे प्रयत्न कोणी केले, ते मी वाचू लागले. त्यातलं थोडंसं आपल्या वाचकांसाठी.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आजच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. मुलांनी आधी करून पाहायचं, मग वर्गात वाद घालायचा आणि शेवटी लिहायचं, अशी रीत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा! पाठांतराची गरजच संपली.

तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुलं फुलांचा अभ्यास करायला बाहेर गेली आणि फूल उकलायच्या सुया मागेच राहिल्या. एका मुलीने बाभळीचा लांब काटा तोडला आणि त्यानेच फूल उकललं. पुढे सुया साहित्याच्या पेटीतून कायमच्या गेल्या. बाभळी काय, गावोगाव होत्या!

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोहोचला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनियर वर्षाची रजा काढून तिथे गेला. त्याचं नाव अरविंद गुप्ता. आठवडी बाजारात त्याला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली. तिचे छोटे तुकडे कापून त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचल्या, की सांधे तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. पूल आणि छपरं त्रिकोणांनी का बांधतात, हे मुलाला काही पैशांत कळतं. गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकात आले. तिथल्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'ला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार मिळाला, हे वाचून आपल्याला विशेष आनंद होईल. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचल्यावर २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला.

साधनं स्थानिक झाली. पण प्रश्नही स्थानिक असतील तर? ही पुढची पायरी मला पाबळला सापडली.

डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट. भारतात परतून ते हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर पोहोचले. ती नोकरी सोडून १९८३ साली ते पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या दुष्काळी गावी राहायला गेले आणि त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य. शिकवणारे बरेचसे त्याच भागातले कारागीर. मुलांनी माती तपासायची ती खऱ्या शेतातली, हिमोग्लोबिन मोजायचं ते आपल्याच गावातल्या बायाबापड्यांचं. निरीक्षण चुकलं तर त्याचा भुर्दंड शेजाऱ्याला. अशा वेळी कोण न पाहता लिहील?

काड्यांचा तो त्रिकोण इथे खरा उपयोगी पडला. त्रिकोण जोडून उभारलेली पाबळची घुमटाकार घरं १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात बांधली गेली. २००२ साली एमआयटीने अमेरिकेबाहेरच्या आपल्या पहिल्या 'फॅब लॅब'पैकी एक पाबळला उभारली. पुढच्याच वर्षी डॉ. कलबाग गेले. आश्रमाचं काम मात्र चालू राहिलं.

हे वाचल्यावर मी मुलाला विचारलं, "आपल्या मरीन परेडचा प्रश्न कोणता रे?" तो म्हणाला, "आई, आपण समुद्रावर राहतो ना? मग बिल्डिंग खचत का नाही?"

खरंच की! १९६६ पासून इथे भराव टाकायला सुरुवात झाली. बेडोकच्या टेकड्या कापून, ती माती सरकत्या पट्ट्यांवरून आणून समुद्रात ओतली, आणि सत्तरच्या दशकात त्यावर आपली वसाहत उभी राहिली. या बेटानेही आपल्याच टेकड्या वापरल्या होत्या.

आम्ही लोणच्याची रिकामी बरणी घेतली, त्यात कोरडी वाळू सैल भरली आणि वरच्या पातळीला रेघ मारली. बरणीवर हलके टिचक्या मारल्या, तशी वाळू रेघेखाली उतरली. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आधी बसू द्यायची आणि मग बांधायचं?" कुठल्याही सरावपुस्तकात हे वाक्य नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं.

आपल्या मंडळातल्या पालकांना एक सुचवावंसं वाटतं. भारतात जाल तेव्हा खाऊबरोबर सायकलच्या दुकानातून थोडी व्हॉल्व्ह ट्यूबही आणा. जमलं तर मुलांना घेऊन पाबळला जाऊन या. आणि इथे महिन्यातून एकदा, एखाद्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर सगळ्यांची मुलं एकत्र बसवू. काड्या मी आणीन. लोणच्याच्या बरण्या तर आपल्या प्रत्येक घरात निघतीलच!