दगडापेक्षा दगड मऊ

आमच्या घराण्यात कर्तबगार म्हणावेत असे पुरुष फारसे झाले नाहीत. पण जे झाले ते सगळे गुळगुळीत दाढीचे. याचे श्रेय आजोबांच्या वस्तऱ्याला आहे. हस्तिदंती मुठीचा, पात्यावर ‘शेफिल्ड’ अशी अक्षरे कोरलेला हा वस्तरा त्यांनी कुठून पैदा केला होता, देव जाणे. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या काकांना जमीन मिळाली, धाकट्यांना घर आणि आमच्या वडिलांना वस्तरा. “धार तेवढी राखा,” एवढंच आजोबा म्हणाले म्हणे. वडिलांनी ती दाढी करून राखली. मी ट्रंकेत ठेवून राखली.

निवृत्त झाल्यावर माणसाला पूर्वजांची आठवण जरा जास्तच येते. मी वस्तरा बाहेर काढला, तर त्याने लोणीसुद्धा कापले नसते. मग शेवगावच्या बाजारपेठेत गेलो आणि धार लावायचा दगड मागितला. “कशाला लावायचीय?” दुकानदाराने विचारले. या जमान्यात ‘वस्तऱ्याला’ म्हणायची लाज वाटली. “घरगुती,” म्हणालो. त्याने एक काळा, दुहेरी दगड दिला. एक बाजू खरबरीत, दुसरी किंचित कमी खरबरीत. घरी येऊन मी तासभर मन लावून वस्तरा घासला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभा राहिलो. पुढचे सविस्तर सांगत नाही. चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “मांजर पाळलंय का?”

हनुवटीला तुरटी लावून मी अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांच्या तीन पिढ्या आमच्या तीन पिढ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आहेत. त्यांनी वस्तरा उजेडात धरला, पाते नखावरून हलकेच सरकवले आणि म्हणाले, “गुरुजी, कोयता केलात की याचा!”

दोष दगडाचा नव्हता. तो विळ्या-कोयत्यांसाठीच होता. उसाला कोयता चालतो, गालाला चालत नाही. आपला केस साधारण मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या भागाइतका जाड. तो न ओढता कापायचा तर पात्याची कड त्याहून कितीतरी बारीक हवी. दगडाचे कण मोठे असले की कडेला करवतीसारखे दाते पडतात. म्हणजे माझ्या हनुवटीवर सुतारकाम झाले होते.

आता गंमत अशी, की दगडाच्या बाबतीत आमच्या मुलखाला कोणी गरीब म्हणणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हे दख्खन झाले. आमच्या वाट्याला काळा पाषाण एवढा आला, की घोटणला त्याची देवळे झाली, घरोघर पाटे-वरवंटे झाले, जाती झाली आणि तरी शेतात उरला तो उरलाच. पण या पाषाणावर वस्तरा लावता येत नाही. त्यात भोके असतात, आणि कणही एकसारखे नसतात. डाळ वाटायला ठीक, गाल वाटायला नाही. शेजारच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली गारेच्या जातीच्या दगडाची बारीक पाती निघाली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना आमच्यासारखी अडचणच नव्हती. त्यांचे पातेच दगडाचे! धार गेली की टाकायचे आणि नवे काढायचे. पुढे धातूचे पाते आले आणि दगडावर चाकरी आली.

ही चाकरी सगळ्या जगात चालू होती. इसवी सन ७९ मध्ये वारलेल्या रोमन प्लिनीने दगडांची प्रतवारीच लिहून ठेवली आहे. काही दगड तेलावर चालतात, काही पाण्यावर. आणि न्हाव्यांच्या दुकानातले, तो सांगतो, माणसाच्या थुंकीवर. रोमचे साम्राज्य का बुडाले यावर जाड जाड ग्रंथ आहेत. मला तरी ही एक ओळ पुरेशी वाटते. पुढे युरोपात नाव गाजले ते बेल्जियमच्या आर्देन्स डोंगरातल्या पिवळसर दगडाचे. त्यात गार्नेटचे बारीक, गोलसर कण असतात. ते पात्याला खोल ओरखडत नाहीत, जणू समजूत काढतात. अण्णांच्या आजोबांनी असाच एक हिरवट दगड पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत घेतला होता. त्या दगडावर ना छाप, ना नंबर. तो कसा आहे हे ओळखायला माणूसच लागायचा. पाणी टाकून पाते फिरवायचे आणि आवाज ऐकायचा. पाते खरखरले तर दगड परत.

कारखान्याचा दगड आला आणि ही कान देऊन ऐकायची गरज संपली. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन नावाच्या गृहस्थाने लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोळशाची पूड घालून वीज सोडली. मनात हिरे बनवायचे होते. निघाले भलतेच चमकदार, कठीण स्फटिक. त्याला वाटले, यात कार्बन आहे आणि कोरंडमही आहे. म्हणून नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. पुढे कळले की त्यात कोरंडम नाहीच. पण नाव चिकटले ते चिकटलेच. आणि हे ‘कोरंडम’ तरी कुठले? आपलेच! तमिळ ‘कुरुंदम’, संस्कृत ‘कुरुविंद’, मराठी ‘कुरुंद’. म्हणजे आपला कुरुंद अमेरिकेला जाऊन कोट-पाटलोण घालून परत आला आणि आम्ही त्याला विलायती समजलो.

कारखान्याच्या दगडाचा मोठा गुण म्हणजे नंबर. जाडा रवा, बारीक रवा, मैदा, तसे कण चाळून वेगळे केलेले. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. हजार नंबरावर धारेचा पाया घालावा, आठ हजारावर कड काढावी, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवावे. शेवगावच्या माणसालाही पत्र टाकून मागवता येईल, असे हे ज्ञान. यात्रा नको, कान नको, आजोबाही नकोत.

“मग अण्णा, चांगला कुठला? देवाचा की कारखान्याचा?” मी विचारले.

अण्णांनी खणातून मुलाने पुण्याहून आणलेला, हजार नंबरचा पांढरट दगड काढला.

“म्हणजे तुम्हीही कारखान्याचाच वापरता?”

“तुमची नासाडी निस्तरायला वडिलांचा दगड झिजवू का?”

वडिलांचा तो हिरवट दगड समोर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेला होता. १९८६ साली आपल्या देशात एड्सचा शिरकाव उघड झाला आणि पुढे गावोगावच्या दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड आले. ते योग्यच झाले. पण तेव्हापासून दगड बेकार झाला. मधोमध तो बशीसारखा खोलगट झाला होता.

मी नुकतेच वाचलेले ज्ञान पाजळले, “खोलगट दगडावर पाते सपाट बसत नाही. घासून सपाट करायला हवा.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “गुरुजी, हा खळगा आज्याच्या आणि वडलांच्या हातचा हाये. आम्हा पाच भावंडांची भाकरी यातून निघाली. तो पुसू कसा?”

मला काय बोलावे कळेना. अण्णांनीच दगड उलटा केला. पाठीकडची बाजू ओबडधोबड, पण कोरी होती. “तुमचा तो कोयत्याचा दगड आणा,” ते म्हणाले. मी धावत जाऊन आणला. पाणी टाकत त्यांनी अर्धा तास माझ्या काळ्या दगडावर ती पाठ घासली, तेव्हा ती आरशासारखी सपाट झाली. मग हजार नंबरावर माझे दाते निघाले आणि शेवटचे हात त्या हिरवट पाठीवर फिरले. पाते मागेपुढे जाताना आवाज कसला तो येत नव्हता. पट्ट्यावर फिरवून अण्णांनी स्वतःच्या मनगटावरचा एक केस उडवला आणि वस्तरा मिटून माझ्या हातात दिला.

“दाढी मात्र घरी करा. इथं ब्लेडच लागतं.”

दगड त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रांवर ठेवला, खळगा वर करून. मी म्हटले, “सपाट बाजू वर ठेवा ना, छान दिसतेय.”

“तिच्यावर अजून काही घडलं नाही, गुरुजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “गेलं वाटतं मांजर.”